खिशातला प्रोग्राम : पेनड्राइव्हवरून चालणारं सॉफ्टवेअर

आजचा विषय दिसायला छोटा आहे. इथे टेबलावर एक साधा पेनड्राइव्ह ठेवलाय. यात एका खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी आहे, सभासदांची नोंद आहे आणि ही दोन्ही चालवणारा एक प्रोग्राम आहे. हा पेनड्राइव्ह कोणत्याही विंडोजच्या कॉम्प्युटरला लावला की काम सुरू होतं आणि काढून घेतला की काम आपल्याबरोबर घरी येतं. हे कसं घडतं, कुठे अडतं आणि त्यात आपल्यावर कोणती जबाबदारी येते, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी हे करायची गरज का पडली ते सांगतो. या वाचनालयाकडे स्वतःचा कॉम्प्युटर नाही. गावातल्या शाळेची कॉम्प्युटर लॅब रविवारी मोकळी असते आणि ती वापरायला आम्हाला परवानगी मिळाली. लॅबमधल्या कॉम्प्युटरचा ॲडमिन पासवर्ड मात्र देखभाल करणाऱ्या ठेकेदाराकडे. म्हणजे तिथे काहीही इन्स्टॉल करता येत नाही. शिवाय मुलांनी काही बिघडवू नये म्हणून तिथे असं सॉफ्टवेअर बसवलंय की मशीन बंद करून सुरू केलं की सी ड्राइव्ह पुन्हा होता तसा होतो. आज लिहिलेलं उद्या नसतं. अशा ठिकाणी काम करायचं तर प्रोग्राम आणि माहिती दोन्ही खिशात घेऊन जायला हवं.

आम्हाला वाटलं, यात काय अवघड आहे? प्रोग्रामचं फोल्डर उचलायचं आणि पेनड्राइव्हवर टाकायचं. तिथेच आम्ही चुकलो.

इन्स्टॉल होतं म्हणजे नेमकं काय होतं?

आपण सेटअप चालवतो, ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करतो आणि प्रोग्राम आला असं म्हणतो. तो येतो, पण एका जागी येत नाही. त्याच्या मुख्य फाइली ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये जातात. त्याच्या सेटिंग्ज, म्हणजे तुम्ही निवडलेली भाषा, अक्षरांचा आकार, शेवटी उघडलेली फाइल, या तुमच्या नावाच्या युझर फोल्डरमध्ये ‘ॲपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये बसतात. काही गोष्टी रजिस्ट्रीत लिहिल्या जातात. अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशा डीएलएल फाइली विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात. अमुक प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची, ही नोंद आणखी वेगळी.

पूर्वी असं नव्हतं. विंडोज ३.१च्या काळात बऱ्याच प्रोग्रामच्या सेटिंग्ज ‘आयएनआय’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असायच्या. नोटपॅडमध्ये उघडून वाचता यायच्या. विंडोज ९५पासून मायक्रोसॉफ्टने रजिस्ट्रीवर भर दिला. रजिस्ट्री म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरची मिळून एक मोठी नोंदवही. तिचे दोन भाग आपल्या कामाचे आहेत. एक ‘लोकल मशीन’, म्हणजे सगळ्यांसाठी सामाईक. तिथे लिहायला ॲडमिनचे अधिकार लागतात. दुसरा ‘करंट युझर’, म्हणजे आत्ता जो बसलाय त्याच्यापुरता.

ही व्यवस्था वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. एकाच मशीनवर चार माणसं बसत असतील तर प्रत्येकाच्या सेटिंग्ज वेगळ्या राहायला हव्यात आणि प्रोग्रामच्या मूळ फाइलींना कुणी हात लावू नये, हे योग्यच आहे. पण ही व्यवस्था एक गोष्ट गृहीत धरते, की मशीन एका जागी आहे आणि माणूस त्याच्यापाशी येतो. आपलं उलट आहे. आपलं मशीन दर वेळी बदलतं, माणूस आणि माहिती तीच राहते.

म्हणून ‘पोर्टेबल’ या शब्दाचा अर्थ ‘इन्स्टॉल न करता चालणारा’ एवढाच घेतला तर तो अपुरा पडतो. प्रोग्राम आपल्या आठवणी कुठे ठेवतो, हा खरा प्रश्न आहे. त्या आठवणी त्याच्याच फोल्डरमध्ये राहत असतील तरच तो पोर्टेबल.

थोडा इतिहास

पेनड्राइव्ह बाजारात आले २००० साली. आयबीएमने विकलेल्या पहिल्या पेनड्राइव्हची क्षमता होती ८ एमबी. आजच्या मोबाइलवरचे दोनतीन फोटोही त्यात मावायचे नाहीत. पण फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे, त्यामुळे तेव्हा ते पुष्कळ वाटलं. सुरुवातीला लोक त्यात फाइली नेत. क्षमता वाढली तसा विचार सुरू झाला, की फाइल नेतोय तर ती उघडणारा प्रोग्रामही का नेऊ नये?

२००४ साली जॉन हॅलर यांनी फायरफॉक्स ब्राउझर पेनड्राइव्हवरून चालेल अशा रीतीने बांधून दिला. पुढे त्यातूनच ‘पोर्टेबलॲप्स डॉट कॉम’ हा उपक्रम उभा राहिला. आज तिथे लिब्रेऑफिस, व्हीएलसी, गिंप असे कित्येक प्रोग्राम तयार मिळतात. २००५मध्ये सॅनडिस्क आणि एम-सिस्टीम्स या कंपन्यांनी ‘यू३’ नावाचे पेनड्राइव्ह आणले. त्यांचा एक भाग कॉम्प्युटरला सीडी असल्यासारखा दिसायचा, त्यामुळे लावल्या लावल्या मेन्यू उघडायचा. सोयीचं होतं, पण चाललं नाही फार काळ. लिनक्सच्या बाजूला ‘ॲपइमेज’ आलं. तिथे सगळा प्रोग्राम एकाच फाइलीत असतो. गंमत म्हणजे ॲपइमेजच्या शेजारी त्याच नावाचं आणि शेवटी ‘डॉट होम’ जोडलेलं फोल्डर करून ठेवलं, की प्रोग्राम तेच आपलं घर समजतो आणि सेटिंग्ज तिथे लिहितो. तत्त्व तेच : आठवणी जवळ ठेवा.

सोपे प्रोग्राम आणि अवघड प्रोग्राम

काही प्रोग्रामच्या लेखकांनी ही सोय आधीच करून ठेवलेली असते. नोटपॅड प्लस प्लसच्या फोल्डरमध्ये ‘डू-लोकल-कॉन्फ डॉट एक्सएमएल’ नावाची रिकामी फाइल ठेवली, की तो ॲपडेटाकडे न जाता सेटिंग्ज आपल्याच फोल्डरमध्ये ठेवतो. फाइलीत काही नसतं, ती नुसती असणं हीच खूण. व्हीएस कोडची झिप उतरवून तिच्या फोल्डरमध्ये ‘डेटा’ नावाचं फोल्डर केलं, की तोही पोर्टेबल होतो. पासवर्ड सांभाळणारा कीपास झिपमधूनच चालतो. तेव्हा पहिला नियम असा, की स्वतः काही खटपट करण्याआधी त्या प्रोग्रामची पोर्टेबल आवृत्ती किंवा अशी खूण आहे का ते बघा.

अवघड प्रोग्राम कोणते? ज्यांना ॲपडेटा आणि रजिस्ट्रीशिवाय दुसरं काही माहीतच नाही असे. त्यांच्यासाठी एक छोटा मदतनीस प्रोग्राम लिहितात, त्याला लाँचर म्हणतात. तुम्ही मूळ प्रोग्रामऐवजी लाँचर उघडायचा. तो आधी बघतो, की या मशीनवर याच प्रोग्रामच्या सेटिंग्ज आधीपासून आहेत का? असतील तर त्या बाजूला सांभाळून ठेवतो. मग पेनड्राइव्हवरच्या आपल्या सेटिंग्ज त्या जागी मांडतो आणि मूळ प्रोग्राम सुरू करतो. तुम्ही काम संपवून प्रोग्राम बंद केला, की बदललेल्या सेटिंग्ज पेनड्राइव्हवर परत घेतो आणि मशीनच्या मूळ सेटिंग्ज होत्या तशा लावून देतो. परक्या घरी गेलेल्या पाहुण्याने सकाळी अंथरुणाची घडी घालून ठेवावी, तसं.

पोर्टेबलॲप्सच्या मांडणीत प्रत्येक प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये दोन मुख्य फोल्डर दिसतील : ‘ॲप’ आणि ‘डेटा’. ॲपमध्ये प्रोग्राम, डेटामध्ये तुमचं सगळं. ही विभागणी साधी आहे पण फार उपयोगी आहे. नवी आवृत्ती आली तर ॲप बदला, डेटाला हात लावू नका. बॅकअप घ्यायचा तर डेटा पुरेसा.

आता लाँचरच्या वर्णनावरून एक धोका तुमच्या लक्षात आला असेल. प्रोग्राम चालू असतानाच कुणी पेनड्राइव्ह उपटला, तर घडी घालायची राहून जाते. तुमच्या सेटिंग्ज त्या मशीनवरच पडून राहतात आणि पेनड्राइव्हवर जुन्याच उरतात. म्हणून आधी प्रोग्राम बंद करायचा, मग ‘सेफली रिमूव्ह’ आणि मगच ड्राइव्ह हातात घ्यायचा. हा क्रम मोडायचा नाही.

आमचा प्रोग्राम आणि आमच्या चुका

वाचनालयासाठी आम्ही पायथन भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला होता. माहिती ठेवायला एसक्यूलाइट वापरलं, कारण त्यात सगळा डेटाबेस एकाच फाइलीत असतो, वेगळा सर्व्हर लागत नाही. पेनड्राइव्हसाठी याहून चांगलं काय? आमच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं.

लॅबमध्ये पहिल्याच रविवारी प्रोग्राम उघडेना. तिथे विंडोज ७ होतं, तेही ३२ बिटचं. आम्ही नवा पायथन वापरला होता आणि विंडोज ७वर चालणारी शेवटची मालिका पायथन ३.८ची आहे. शिवाय आमचा प्रोग्राम ६४ बिटचा. घरी येऊन ३.८च्या ३२ बिट आवृत्तीवर तो पुन्हा बांधला. ३२ बिटचा प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवरही चालतो, उलटं होत नाही. परक्या मशीनवर जायचं असेल तर तिथल्या सगळ्यात जुन्या मशीनचा हिशोब धरायला हवा. त्याचबरोबर ‘व्हीसीरनटाइम डीएलएल सापडत नाही’ असा निरोप काहींनी पाहिला असेल. त्यावर उपाय म्हणजे ती डीएलएल आपल्या प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवणं. विंडोज डीएलएल शोधताना साधारणपणे आधी प्रोग्रामचं स्वतःचं फोल्डर बघतं.

दुसऱ्या रविवारी प्रोग्राम उघडला आणि आम्हाला आनंद झाला. दोन कार्यकर्त्यांनी दिवसभर बसून दाखल नोंदवहीतली पुस्तकं भरली. घरी येऊन बघतो तर पेनड्राइव्हवर त्यातलं एकही पुस्तक नाही. का? आमच्या लॅपटॉपला एकच सी ड्राइव्ह, त्यामुळे पेनड्राइव्हला ‘डी’ हे अक्षर मिळायचं आणि प्रोग्राममध्ये आम्ही ‘डी ड्राइव्हवरची अमुक फाइल’ असंच लिहून ठेवलं होतं. लॅबमध्ये डी म्हणजे मशीनच्याच हार्डडिस्कचा दुसरा भाग. पेनड्राइव्ह तिथे एफ झाला होता. आता प्रोग्रामला तिथे फाइल सापडली नाही तर त्याने तक्रार करायला हवी होती. पण एसक्यूलाइटची रीत अशी, की सांगितलेल्या जागी फाइल नसेल तर ते गुपचूप नवी रिकामी फाइल तयार करतं. दिवसभराच्या नोंदी त्या फाइलीत गेल्या. यादी रिकामी दिसली तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. आम्ही समजलो, नवी सुरुवात आहे. नशीब एवढंच, की मशीन पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर सी ड्राइव्हपुरतंच होतं. पुढच्या रविवारी डीवर ती फाइल सापडली.

यातून दोन नियम निघाले. पहिला : ड्राइव्हचं अक्षर प्रोग्राममध्ये कधीही लिहायचं नाही. प्रोग्रामने सुरू होताना विंडोजला विचारायचं, ‘मी कुठून चाललोय?’ आणि त्या जागेपासून पुढचा रस्ता धरायचा. इथे ‘चालू फोल्डर’ वर विसंबू नका, कारण शॉर्टकटवरून प्रोग्राम उघडला तर चालू फोल्डर भलतंच असू शकतं. ईएक्सई फाइलीची स्वतःची जागा विचारायची. दुसरा : डेटाबेसची फाइल सापडली नाही तर प्रोग्रामने थांबायचं आणि माणसाला सांगायचं. नवी फाइल करायची ती माणसाने ‘हो’ म्हटल्यावरच.

पायथनवाल्यांसाठी आणखी एक खड्डा सांगून ठेवतो. पायइन्स्टॉलरने सगळा प्रोग्राम एकाच ईएक्सईत बांधता येतो. सुटसुटीत दिसतं. पण तो ईएक्सई दर वेळी स्वतःला मशीनच्या टेम्प फोल्डरमध्ये उलगडतो आणि बंद होताना ते उलगडलेलं पुसून टाकतो. तुमच्या कोडने ‘माझ्या शेजारी’ म्हणून सेटिंग्ज लिहिल्या, तर त्या त्या टेम्पमध्ये जातात आणि प्रोग्रामबरोबर नाहीशा होतात. म्हणून आम्ही एका फाइलीचा मोह सोडला आणि फोल्डर स्वरूपात बांधलं. ते पेनड्राइव्हवरून लवकर सुरूही होतं.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडली. एका संध्याकाळी लाइट जायची वेळ झाली म्हणून घाईत नोंद सेव्ह होत असतानाच ड्राइव्ह काढला गेला. घरी पाहिलं तर डेटाबेसच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘जर्नल’ असलेली एक छोटी फाइल दिसली. आमच्यातल्या एकाने ती कचरा समजून पुसून टाकली. झालं! डेटाबेस उघडेना.

ती फाइल म्हणजे काय होती? एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये बदल करण्याआधी जुना मजकूर त्या जर्नलमध्ये उतरवून ठेवतं, मग बदल करतं आणि सगळं नीट झालं की जर्नल पुसतं. मध्येच काही बिघडलं तर जर्नल मागे राहतं आणि पुढच्या वेळी त्याच्या आधारे डेटाबेस आधीच्या अवस्थेत आणला जातो. म्हणजे ती फाइल मागे राहिली होती ती आम्हाला वाचवण्यासाठीच. आम्ही तीच फेकली. दुरुस्तीच्या साधनांनी बऱ्याच नोंदी परत मिळाल्या, उरलेल्या पुन्हा वहीतून भरल्या. तेव्हापासून आमचा प्रोग्राम बंद होताना डेटाबेसची तारखेसह एक प्रत ‘डेटा’ फोल्डरमध्ये करतो आणि घरी आल्यावर ती प्रत लॅपटॉपवर उतरवणं हे ठरलेलं काम आहे. पेनड्राइव्हवरचा बॅकअप हा बॅकअप नव्हे. ड्राइव्हच गेला तर दोन्ही गेले.

मराठी अक्षरांचं काय?

आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो. युनिकोड मराठीसाठी विंडोजबरोबर मंगल किंवा निर्मला हे फॉन्ट येतात, त्यामुळे वाचायला सहसा अडचण नसते. पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर निरर्थक खुणांसारखा दिसतो. फॉन्ट इन्स्टॉल करायची परवानगी नसली तरी विंडोजमध्ये प्रोग्रामला एखादा फॉन्ट फक्त स्वतःपुरता उघडता येतो. फॉन्टची फाइल आपल्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि प्रोग्राम सुरू होताना उघडायची. टायपिंगचं तसं नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड हा विंडोजचा भाग, तो मशीनवर चालू असावा लागतो. आम्ही म्हणून आमच्या प्रोग्रामच्या खिडकीतच पडद्यावरचा एक छोटा कीबोर्ड दिला. हळू चालतं, पण अडत नाही.

काय पोर्टेबल होत नाही?

ज्या प्रोग्रामला विंडोजच्या आत शिरून काम करायचं असतं, तो अधिकाराशिवाय चालत नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर, अँटिव्हायरस, सतत मागे चालणाऱ्या सर्व्हिस या सगळ्या त्यात आल्या. व्हेराक्रिप्ट पेनड्राइव्हवर नेता येतं, पण त्याला ड्रायव्हर चढवावा लागत असल्याने ॲडमिनचे अधिकार लागतातच. पैसे देऊन घेतलेल्या अनेक प्रोग्रामचा परवाना एका मशीनशी बांधलेला असतो. त्यांना खटपट करून पेनड्राइव्हवर आणणं हा परवान्याचा भंग ठरू शकतो. मुक्त सॉफ्टवेअर इथे कामी येतं ते केवळ फुकट आहे म्हणून नव्हे. ते बदलायची आणि वाटायची परवानगी लेखकांनीच दिलेली असते.

आठवणी खिशात घेतल्या की...

आता शेवटचा आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. विंडोजवर क्रोम तुमचे पासवर्ड साठवताना ते त्या मशीनवरच्या तुमच्या खात्याशी बांधून कुलूपबंद करतो. फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर नेलं तर ते उघडत नाहीत. फायरफॉक्सचं वेगळं आहे. त्याचे पासवर्ड आणि ते उघडायची किल्ली एकाच प्रोफाइल फोल्डरमध्ये असतात. त्यामुळे तो पेनड्राइव्हवर छान चालतो, पासवर्डसकट. आणि तो पेनड्राइव्ह ज्याला सापडेल त्याच्याकडेही तितकाच छान चालतो, पासवर्डसकट. फायरफॉक्समध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ लावला तरच त्या किल्लीला कुलूप बसतं.

हे आम्ही अनुभवाने शिकलो. एकदा पेनड्राइव्ह लॅबमध्येच मशीनला लागलेला राहिला. आठवडाभराने तो मिळाला, पण तो आठवडा आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत. त्यात सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर होते. वाचनालयाच्या ईमेलचा पासवर्ड होता. लोकांनी पुस्तकं वाचायला मिळावीत म्हणून विश्वासाने दिलेली माहिती होती ती. कपाटातली जाड नोंदवही कुणी सहज उचलून नेत नाही, बोटाएवढी वस्तू मात्र कुठेही राहते. आम्ही पासवर्ड बदलले आणि समितीसमोर झालेला प्रकार सांगितला.

आता आम्ही काय करतो? लॅबमध्ये नेण्याच्या ड्राइव्हवर फक्त पुस्तकांची यादी असते. सभासदांच्या नोंदीत क्रमांक आणि नाव, फोन-पत्ते नाहीत. ते घरच्या लॅपटॉपवर. पासवर्ड ब्राउझरमध्ये न ठेवता कीपासच्या कुलूपबंद फाइलीत. बाकी नाजूक कागदपत्रं सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड घालून. ज्यांच्याकडे विंडोजची प्रो आवृत्ती आहे त्यांना ‘बिटलॉकर टू गो’ने सगळा ड्राइव्ह कुलूपबंद करता येईल.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. पोर्टेबल प्रोग्राम वापरला की मशीनवर मागे काहीच उरत नाही, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. प्रोग्रामने स्वतः काही लिहिलं नाही तरी विंडोज लिहितं. कोणता पेनड्राइव्ह लावला होता याची रजिस्ट्रीत नोंद राहते, कोणता प्रोग्राम चालला याच्या खुणा राहतात, अलीकडे उघडलेल्या फाइलींची नावं राहतात. आणि मशीनमध्येच आधीपासून काही वाईट बसलेलं असेल तर तुमची प्रत्येक कळ ते वाचू शकतं. परक्या मशीनवर बँकेचं काम करू नका, ब्राउझर कितीही पोर्टेबल असो.

उलट बाजूही आहे. पेनड्राइव्ह एका मशीनवरचा व्हायरस दुसरीकडे नेतो. लावल्या लावल्या आपोआप प्रोग्राम चालू होण्याची ‘ऑटोरन’ची सोय व्हायरसांनी इतकी वापरली, की विंडोज ७मध्ये पेनड्राइव्हसाठी ती बंद केली गेली आणि २०११मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसा बदल पाठवला गेला. २०१०मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटने तर दाखवून दिलं, की ऑटोरन नसतानाही फोल्डर नुसतं उघडून बघणं पुरेसं ठरू शकतं. म्हणून लॅबमधून आलेला ड्राइव्ह घरी आधी तपासायचा, मगच उघडायचा. आपण पाहुणे आहोत, तर आजार घेऊनही जाऊ नये आणि घेऊनही येऊ नये.

एक चिठ्ठी आलीय : ‘हे सगळं क्लाउडवर ठेवलं तर पेनड्राइव्हची गरजच काय?’ प्रश्न रास्त आहे. जिथे नेट भरवशाचं आहे तिथे तसंच करावं. आमच्या लॅबमध्ये ते नाही. पण तिथेही प्रश्न हाच राहतो, की आपली माहिती कुठे आहे आणि तिची किल्ली कुणाकडे आहे? पेनड्राइव्हच्या निमित्ताने तो विचारायची सवय लागली तर पुढे क्लाउडवरही ती उपयोगी पडेल.

घरी गेल्यावर एक गोष्ट करून बघा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर ‘प्रोसेस मॉनिटर’ नावाचं साधन मोफत मिळतं. स्वतःच्या मशीनवर ते चालवा, त्यात तुमच्या रोजच्या एखाद्या प्रोग्रामचं नाव गाळणीत घाला आणि तो प्रोग्राम पाच मिनिटं वापरा. तो कुठे कुठे लिहितो ते ओळींमागून ओळी दिसेल. ती यादी एकदा पाहिली, की प्रोग्राम उचलून नेणं म्हणजे काय काय उचलावं लागतं, हे सांगायला पुन्हा व्याख्यानाची गरज पडणार नाही.

वाचनालयाची यादी आता पूर्ण होत आली आहे. पेनड्राइव्ह तोच आहे, फक्त त्याला आता लाल दोरी बांधलेली आहे आणि ती दोरी कुणाच्या गळ्यात आहे हे दर रविवारी वहीत लिहिलं जातं.